दाजीकाकांजवळ बसलेला पाहुणा

एका वृद्ध संशोधकाच्या प्रयोगशाळेत एकदा एक शिष्या काम करीत होती. तिचे नाव ऊर्मिला. तिला एका हट्टी जंतूवर औषध हवे होते. तिने बनवलेले औषध गुणकारी होते, पण तो जंतू एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडायचा. हे विकर म्हणजे कात्रीच. औषध जवळ आले की त्याचे तुकडे. ऊर्मिलाने औषधाची रचना चार वेळा बदलली. चारही वेळा कात्री जिंकली.

त्यात घरचे दुःख निराळे. तिच्या इमारतीच्या फाटकाशी दाजीकाका खुर्ची टाकून बसत. मुलगी पाहायला कोणी आले की हात धरून त्याला बसवीत आणि कळवळून सांगत, "मुलगी गुणी हो, पण दिवसभर जंतू पाळते. त्याच हातांनी पोळ्या लाटणार!"

तीन स्थळे फाटकावरूनच परत गेली. चौथ्या मुलाशी ती फोनवर बोलली होती, आणि तो तिला मनापासून आवडला होता. रविवारी तो आईवडिलांना घेऊन येणार होता.

"सर, हेही मोडणार," ती रडवेली होऊन म्हणाली.

"काकांना हात किती?"

"दोनच की!"

"मग जमेल," सर म्हणाले.

रविवारी पाहुण्यांच्या दहा मिनिटे आधी सर कोट-टोपी घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशी उभे राहिले. "मुलगी बघायला आलोय. ऊर्मिलाचं घर हेच ना?"

काकांनी त्यांना दोन्ही हातांनी धरले. "बसा, बसा! मुलगी गुणी हो, पण..."

"जंतू? अरे बापरे! कसले? किती? खायला काय घालते त्यांना?"

इतका आस्थेवाईक श्रोता काकांना जन्मात भेटला नव्हता. तेवढ्यात खरे पाहुणे शेजारून गेले. काकांची मान वळली, तोच सर म्हणाले, "आणि पोळ्यांचं काय म्हणालात? नीट सांगा बुवा."

पाहुणे घरात स्थिरावल्यावर सर वर आले. ऊर्मिलाने दारातच हळू विचारले, "काकांना समजावलंत?"

"छे! त्यात माझा जन्म गेला असता. तू औषधाला दर वेळी नवा कोट शिवतेस आणि त्याच फाटकातून एकटं पाठवतेस. त्याच्यासोबत त्याच्यासारखा दिसणारा एक पाठव. त्याने जंतूला मारायचं नाही, रोग्याला बरं करायचं नाही. कात्रीच्या तोंडात जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. एवढंच."

हातातला चहाचा ट्रे घेऊन ऊर्मिला तडक पाहुण्यांकडे गेली. मग ट्रे टेबलावर ठेवून मुलाला म्हणाली, "रागावू नका, पण मला आत्ता प्रयोगशाळेत जायचंय."

मुलाच्या आईने वडिलांकडे पाहिले. मुलगा मात्र उठून चपला शोधू लागला. "चला, मी सोडतो."

सरांनी त्याच्या आईवडिलांसमोर खुर्ची ओढली.

"जा तुम्ही निर्धास्त," ते म्हणाले. "इथे मी बसतो."