कोपऱ्यातल्या बाई

सन २००९, माघातला पहिला सोमवार. हवेत अजून थंडी.

"पण बाई काय म्हणाल्या?" तेरदाळ सरांनी विचारलं.

"कोण बाई?" मकरंद म्हणाला.

कृष्णाकाठच्या एका कॅन्सर रुग्णालयातली ही तपासणीची खोली. सर तिथले जुने डॉक्टर. मकरंद त्यांच्या हाताखाली शिकणारा. हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं.

मुमताज मुजावर या बाईच्या स्तनातली गाठ त्याने तपासली होती. अशा गाठीत एक प्रथिन वाजवीपेक्षा जास्त असलं, तर काचेवर लावलेला तिचा पातळ काप रंगवल्यावर तपकिरी होतो. मग आजार झपाट्याने पसरायची भीती. मुमताजचा काप फिका होता.

"प्रथिन जास्त नाही, सर. ती बाहेर बसलीय. आनंदाची बातमी देऊन येतो."

"कोपरा बघितलास?"

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात सगुणाबाई चौगुल्यांच्या गाठीचा एक काप लावायचा, ही तिथली रीत. त्यांच्या गाठीत ते प्रथिन भरपूर. रंग नीट चढला की बाई गडद दिसायच्या. मगच शेजारचा काप वाचायचा. सगुणाबाई कधीच वारल्या होत्या. गाठ त्यांनी आपणहून दिली होती. ती ज्या मेणाच्या ठोकळ्यात होती, त्याला सर रोज सकाळी हात जोडत. मकरंद हसायचा.

"बाईंचं काय बघायचं? त्या नेहमी गडदच असतात."

सर खुर्चीतून उठले. मायक्रोस्कोपकडे बोट केलं.

मकरंदने डोळा लावला...

बाई फिक्या होत्या. रंगच चढला नव्हता.

"पुन्हा रंगवतो," तो हळू आवाजात म्हणाला.

सरांनी ठोकळा पुढे केला. मेणात एकच काप निघेल एवढी गाठ उरली होती.

"सांभाळून. इथं असताना बाई रोज विचारायच्या, घरी कधी सोडता. सोडता आलं नाही. त्यांचं देणं आहे माझ्याकडे."

मकरंद त्या दिवशी जेवला नाही. सगळं स्वतःच्या हाताने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या बाई गडद. शेजारी मुमताजही गडद.

"कालचा रिपोर्ट बरा होता, सर."

"कुणासाठी बरा?"

...

मुमताज शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मकरंदने तिला सगळं सांगितलं. कालची चूकही लपवली नाही. कोपऱ्यातल्या बाई सांगितल्या, त्यांचा शेवटचा कापही सांगितला.

"म्हंजे दुखणं माझ्यागतच तापट हाय," मुमताज म्हणाली.

"हो. पण त्या प्रथिनावर आता औषध आहे. कालचा रिपोर्ट गेला असता, तर तुम्हाला ते मिळालं नसतं."

"आन् त्या बाई?"

"त्यांच्या वेळी औषध नव्हतं."

मुमताजने पदर सावरला.

"त्यांची संपली म्हणता, तर माझी गाठ ठेवा तिथं. घरी नेऊन काय कालवण करायचंय तिचं?"

संध्याकाळी मकरंदने नवा ठोकळा कप्प्यात ठेवला. जुना उचलला. आत नुसतं मेण होतं. तो समोर ठेवून त्याने हात जोडले.

सर शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आता घरी जा."