घाटमाथ्यावरचा दोरा

“दोरा कोणासाठी पाहिजे, बेटा? गाडीसाठी की माणसासाठी?”

“माणसासाठी. ही माझी बायको, मृदुला,” हेमंत दळवी म्हणाला. “हिची भीती तेवढी घालवा, बाबा.”

घाट उतरण्याआधी ट्रकवाले या दर्ग्यापाशी थांबतात. ब्रेक तपासतात आणि दादामियाँ फकिराकडून काळा दोरा फुंकून घेतात. गाडीचा दोरा आरशाला बांधायचा, माणसाचा दंडाला. हेमंतचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण सोलापूर सोडल्यापासून शेजारच्या सीटवरून जे चाललं होतं, त्याने तो पार वैतागला होता.

“कशाची भीती वाटते हिला?”

“माझ्या चालवण्याची! जरा गाडी पळवली की वरचं हँडल घट्ट धरते. पाय खाली दाबत बसते, जसा काही तिथे ब्रेकच आहे.”

दादामियाँ हसले नाहीत.

“किती पळवतोस?”

“रस्ता चांगला असेल तर एकशेचाळीस, कधी एकशेपन्नास.”

“पाटीवर किती लिहिलंय?”

“शंभर. बाबा, ती पाटी नवशिक्यांसाठी असते. वीस वर्षं झाली गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. आणि कॅमेरा कुठे आहे ते मोबाईल आधीच सांगतो. तिथे करतो की शंभर.”

“म्हणजे तिथे घाबरतोस.”

“घाबरत नाही. उगाच दंड कोण भरणार?”

“हं...”

खाली दरीतून धुकं वर चढत होतं. पहिल्या वळणावरचा कठडा आत्ताच पुसट झाला होता. मृदुला तिकडेच बघत होती. गाडीत मागच्या सीटवर त्यांची सहा वर्षांची मुलगी झोपली होती.

“बेटी, तू बोल,” दादामियाँ म्हणाले.

“काय बोलू, बाबा...”

“प्रवासात झोपत नाहीस?”

“नाही.”

“डोळे मिटून घेत जा.”

“मिटले तर जास्त भीती वाटते.”

“बघा!” हेमंत म्हणाला. “हिला सांगून सांगून थकलो. आता हिच्यामुळे पोरगीही घाबरट होणार.”

“ती नाही घाबरत,” मृदुला हळूच म्हणाली. “तिला खेळ वाटतो तो.”

“कसला खेळ?”

मृदुलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“माझ्या भावाचा मोबाईल नंबर तिच्याकडून पाठ करून घेतलाय. गाण्यासारखा. निघायच्या आधी रोज म्हणून घेत होते.”

“कशाला?”

“आई-बाबा उठले नाहीत, तर जे कोणी काका येतील त्यांना सांगायचा म्हणून.”

एक भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत समोरून गेला आणि धुक्यात शिरला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“अगं, काहीतरीच काय बोलतेस!” हेमंत म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण हसू काही आलं नाही. त्याने वळून गाडीकडे पाहिलं. काचेला गाल टेकवून पोरगी झोपली होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. सकाळी निघताना ती काहीतरी गुणगुणत होती आणि आपण रेडिओ मोठा केला होता, हे त्याला आठवलं.

दादामियाँनी दोरा हातात घेतला. ओठ हलवले, त्यावर फुंकर घातली. मृदुलाने बाही वर सरकवून दंड पुढे केला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात टेकत ते हेमंतसमोर खाली बसले.

“बूट काढ.”

“मी?”

“उजवा.”

एवढा म्हातारा माणूस आपल्या पायाशी बसलाय म्हटल्यावर हेमंत ओशाळला. त्याने मुकाट्याने बूट काढला, मोजाही काढला. दादामियाँनी त्याच्या घोट्याला दोरा गुंडाळला आणि दोन गाठी मारल्या. पाय त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

“बाबा...” हेमंत म्हणाला. “घाबरते ती. मग दोरा मला कशाला?”

“तिच्याकडे भीती आहे, बेटा, पण ब्रेक नाही. तुझ्याकडे नुसता ब्रेक आहे.”