खाणकोटाची बिनदाराची वेस

खाणकोटाच्या दक्षिण वेशीला दार नाही. दगडी चौकट आहे, बिजागऱ्यांची भोकं आहेत, पण फळी एकही नाही. आणि वेशीच्या दोन्ही अंगांना, तटाच्या बाहेरच्या बाजूने, पुरुषभर उंचीचे बावीस चेहरे कोरलेले आहेत. कोट बघायला आलेल्यांना कोंडाजी गुरव आधी ते चेहरे नीट बघू देतात, मग वेशीच्या ओट्यावर बसून त्यांची हकिगत सांगतात.

ती अशी, की मुकिंदा नावाचा एक पाथरवट कोटात राहत असे. अंगाने दांडगा, बोलायला कमी. त्याची थोरली बहीण ठकूअक्का खाणवाडीत दिलेली. खाणवाडी म्हणजे कोटाबाहेरची, दगड फोडणाऱ्यांची वस्ती. या तटाचा दगड न् दगड त्यांनीच काढलेला. एका उन्हाळ्यात खाणवाडीत पटकीची साथ आली. माणसं पटापट जाऊ लागली. कोटाच्या देशमुखांनी दोन्ही वेशी लावून घेतल्या आणि दक्षिणेच्या अडसरापाशी मुकिंदाला उभं केलं. हुकूम असा, की दार उघडायचं नाही आणि तटावरून दोरसुद्धा खाली सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारावर थाप पडली.

"कोण आहे?" मुकिंदाने विचारलं.

"मी रे, अक्का. दार नको उघडूस बाबा. आमची विहीर नासली. पाण्याची एक घागर तेवढी वरून सोड."

मुकिंदाच्या मागे सगळा कोट उभा होता, लेकुरवाळ्या बाया, म्हातारीकोतारी. कुणी घागर पुढे केली नाही. मुकिंदाने अडसराला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी कान झाकले. अक्का दिवेलागणीपर्यंत हाका मारत होती म्हणे. नंतर बाहेरून आणखी पुष्कळ आवाज आले. चौथ्या दिवशी एकही आला नाही.

साथ ओसरल्यावर वेस उघडली, तेव्हा दाराशीच बावीस माणसं पडलेली होती. त्यांना एकत्रच अग्नी दिला. ती राख निवायच्या आत मुकिंदा छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर आला, तटाला बांबूची परांची बांधली आणि पहिला चेहरा कोरायला घेतला. त्यानंतर वेशीच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही. कुणी उंबऱ्यावर भाकरी ठेवली तर खाई, नाहीतर तसाच घाव घालत राही. काळा दगड, एकेका चेहऱ्याला पाच-सहा महिने लागत. बाजाराला जाणारे लोक खाली मान घालून जाऊ लागले.

शेवटी देशमुख स्वतः आले. म्हणाले, "मुकिंदा, आत साडेतीनशे उंबरे वाचले. ते तुला दिसत नाहीत?"

"दिसतात की मालक, रोज दिसतात. ही माणसं कुठं दिसतात?"

देशमुख परत फिरले. पुढे हयातभर ते उत्तरेच्या वेशीने ये-जा करत, असं सांगतात.

अकरा वर्षं हे काम चाललं. अक्काचा चेहरा त्याने सगळ्यात शेवटी घेतला. बाकीचे उंच आहेत, तो मात्र खाली आहे, उभ्या माणसाच्या नजरेला नजर भिडेल असा. तो पुरा झाला आणि मुकिंदा तापाने फणफणून तिथेच आडवा झाला. देशमुख तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या बाई वेशीबाहेर आल्या, त्याच्याजवळ खाली बसल्या.

"आत चल, मुकिंदा. दार सताड उघडं आहे."

"आज उघडं आहे, बाई," तो म्हणाला. संध्याकाळी गेला.

बाईंनी वेशीची दोन्ही सागवानी दारं उतरवायला लावली. ती फोडून त्याच लाकडांची मुकिंदासाठी चिता रचली. नवी दारं घडवावीत असं पुढे दोन-तीनदा पंचांत निघालं, पण सुतार मिळेना. गावातला कुणी हत्यार उचलायला तयार नव्हता.

आजही खाणकोटात कुणाच्या दाराची कडी वाजली, तर आतून 'कोण?' म्हणून विचारत नाहीत. आधी दार उघडतात. परक्या माणसाला याचं नवल वाटतं. कुणी कारण विचारलं, तर कोंडाजी गुरव ओट्यावरून उठता उठता एवढंच सांगतात, "मुकिंदानं विचारलं होतं. त्याला नावही कळलं होतं."