तळ्यावर दिलेली किल्ली

मॅडिसनला यायचं ठरवलं की पाहुणे आधी नाफडेकाकांना फोन करतात. तिथल्या मराठी मंडळींत काका सर्वांत जुने. विस्कॉन्सिनची ही राजधानी दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. तिथला विधानभवनाचा पांढरा घुमट, शनिवारचा बाजार वगैरे काका भराभर सांगून टाकतात. मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "हिवाळ्यात आलात तर सामान गाडीतच ठेवून यजमान तुम्हाला गोठलेल्या तळ्यावर नेतील. घाबरू नका. तिथं घराची किल्ली हातात देतील, ती मुकाट्यानं घ्या. चहा नंतर." ही रीत कशी पडली, हे सांगायला लागले की काका फोन ठेवू देत नाहीत.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, अंबाजोगाईच्या यमुनाबाई आपल्या मुलाकडे, दिनकरकडे आल्या. या प्रवासाचे मनसुबे त्यांनी वर्षभर रचले होते. घुमटाला प्रदक्षिणा घालायची, शेजारणी जोडायच्या, बाजारात भाजीचा भाव पाडायचा. पण आल्या त्या नेमक्या कडाक्याच्या थंडीत. दिनकरने सगळं फिरणं उन्हाळ्यावर ढकललं आणि रोज कामावर जाताना तो बजावू लागला, "आई, बाहेर पडू नकोस. दार मागे आपोआप बंद होतं नि किल्ली माझ्याकडे असते. गारठून मरशील."

"मग मला दुसरी करून दे की, लेकरा."

"तुला जायचंय कुठं?"

घर उबदार होतं, फळीवर डबे भरलेले होते. पण अख्ख्या गावाची ख्यालीखुशाली विचारत फिरणारी ती बाई. दाराच्या मुठीवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची. भिंती अंगावर येत, जीव गुदमरे. दिनकर वाईट नव्हता हो, पण त्याच्या काळजीनंच तिला कोंडलं होतं.

एका दुपारी खिडकीतून तिला तळ्याच्या मध्यावर एक म्हातारा बसलेला दिसला. पुढ्यात बर्फाला भोक पडलेलं, आणि माणूस अजिबात हलत नव्हता. बाईंनी जन्मात गोठलेलं तळं पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, बर्फ फुटला, हलला तर बुडेल, म्हणून बिचारा जीव मुठीत धरून बसलाय. त्यांनी दिनकरचा कोट चढवला, पेटीतली नऊवारी काढली आणि दार उघडलं. मागे ते खटकन बंद झालं. आता परतायची सोय नव्हती.

पायाखालचा बर्फ कुठल्याही क्षणी फुटेल, असं धरूनच त्या देवाचं नाव घेत चालत गेल्या, असं सांगतात. लांबूनच त्यांनी लुगड्याचं टोक त्याच्याकडे फेकलं आणि ओरडल्या, "धरा! घट्ट धरा!" म्हातारा चक्रावला, पण त्यानं धरलं. मग हसत हसत भोकातला गळ वर ओढून मासा दाखवला. बाईंना आधी हसू आलं, आणि मग रडू आवरेना. म्हाताऱ्यानं त्यांना आपल्या उलट्या बादलीवर बसवलं आणि थर्मासमधली कॉफी दिली.

दिनकर परतला तेव्हा घर रिकामं होतं. पावलांच्या खुणांवरून तो धावत तळ्यावर आला. "आई, वेडी झालीस का? चल घरी!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "मला वाटलं, हा माणूस अडकलाय. पण याला वाटलं तर हा आत्ता उठून जाईल. अडकले होते ती मी. किल्ली दे, तर येते. नाहीतर इथंच बरी आहे."

दिनकरनं तिथंच, बर्फावर, जुडग्यातली किल्ली काढून आईच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई कुठंच गेल्या नाहीत, म्हणे. दिवसभर घरातच होत्या, पुरणपोळ्या लाटत, मोठमोठ्यानं ओव्या म्हणत.

आजही मॅडिसनला आलेल्या आईबापांना किल्ली तळ्यावरच मिळते. आणि बहुतेक जण पहिल्या दिवशी कुठंही जात नाहीत. ती उशाशी ठेवतात आणि गाढ झोपतात.