तांबड्या कोंबडीचे सोवळे

घाटाखालच्या एका जंगलात, करवंदीच्या जाळीआड, एक तांबडी रानकोंबडी राहत असे. तिची अंडी सापाने गिळली. वाचले ते एकच. त्यातून पिल्लू बाहेर आले, तेव्हा तिने वनदेवीच्या दगडापुढे मान लववून व्रत घेतले, की या बाळाच्या चोचीला मातीचा कणसुद्धा लागू देणार नाही. मग काय, पिलाने जमीन उकरायला पाय उचलला की ती पंख आडवा धरी. ओढ्यात धुतलेले दाणे कातळावर मांडी आणि आपली चोच घासून पुसूनच त्याला भरवी.

शेजारच्या करड्या कोंबडीची पिले मात्र दिवसभर आईमागे शेणमाती उकरत. एकदा करडी म्हणाली, "ताई, त्यालाही येऊ दे की आमच्यात. आपल्या पोटात डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव वस्तीला असतात. मातीतून, आईच्या उष्ट्यातून ते पिलाकडे येतात. खाल्ल्याचं बळ व्हायचं की चरबी, यात त्यांचाही हात असतो."

"असले पाहुणे तुझे तुलाच लखलाभ," तांबडी म्हणाली. "तुझी पिलं बघ, कशी काटकुळी. माझ्याचं पोट कसं वाटोळं, भरल्या घरचं दिसतं."

"दाणे तर दोघींचे एकाच शेतातले, ताई. मग दोन पावलं चालून त्याला धाप का लागते?"

तांबडीने तोंड फिरवले, पण ते बोलणे तिच्या मनात रुतून बसले. पिलाला पंखाखाली घेताना त्याच्या पोटावरची मऊ चरबी तिला रोज जाणवे. तरी व्रत मोडायचे कसे, या भीतीने ती पुन्हा दाणे धुवायला ओढ्यावर जाई.

एके दिवशी तिन्हीसांजेला जाळीत रानमांजर शिरले. करडीची पिले भुर्रकन फांदीवर गेली. तांबडीही उडाली आणि वरून हाका मारू लागली, "ये बाळा, मार पंख."

पिलाने पंख मारले, पुन्हा मारले. "आई, अंग उचलत नाही गं."

तांबडीने खाली झेप घेऊन मांजराच्या तोंडावर चोच मारली. तिची पिसे उडाली, पण पिल्लू गेले. कातळावर धुतलेले दाणे तसेच राहिले.

पुढच्या सुगीला तिच्या अंड्यांतून पुन्हा पिले बाहेर आली. त्यांना घेऊन ती त्याच दगडापुढे गेली. तिने मान लववली. मग तिने तिथलीच माती उकरली, आधी आपण चोच घातली आणि म्हणाली, "खा रे बाळांनो. हीसुद्धा देवीचीच आहे."

सांजेला सगळी पिले फांदीवर चढली. तांबडी शेवटी बसली, आपल्या कुशीशी एका पिलापुरती जागा मोकळी ठेवून.

तात्पर्य : बाळांनो, माया खरी असली तरी तिला डोळस असावे लागते; जे दिसत नाही आणि मळके वाटते, त्यातही आपल्याला राखणारे कुणी असते.