कर्कोटाची खडीसाखर

एका राज्यात साखर गोड होती आणि माणसं तिच्याहून गोड बोलत. सारं दुखणं तिथंच होतं.

समुद्रापल्याड एका बेटावर कर्कोट नावाचा मांत्रिक राही. तो गलबतं अडवी, खलाशांचे आवाज काढून घेई आणि त्यांना बेड्या घालून उसाचा रस आटवायला बसवी. काढलेले आवाज तो कढईत टाकी, म्हणून त्याची खडीसाखर काचेसारखी निघे. ती साऱ्या राज्यात खपे. माल चोख असला की तो कुणाच्या हातचा, हे गिऱ्हाईक विचारत नाही. कुठल्याही दुकानदाराला विचारून पाहा.

त्या राज्यातल्या एका वाण्याची सून लवंगा. तिचा नवरा रायाजी गलबतासकट नाहीसा झालेला. एके सकाळी दुकानाच्या फळीवर साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "रायाजी कर्कोटाच्या कढईपाशी आहे. आवाज गेला. पुढल्या उसाच्या गळिताला स्वतःचं नावही विसरेल, मग तो तुला ओळखायचा नाही."

"सोडवू कसा?"

"राजाचं घर, देवाचं घर, माणसांची घरं. तिन्हींत त्या साखरेचा कण उरला नाही, की मंत्र तुटेल."

लवंगेनं दुकानातली साखर समुद्रात ओतली, ती विरघळताना कान देऊन ऐकली आणि तडक राजवाडा गाठला.

राजा चंडप्रताप केशरी दूध पीत होता. ऐकून कळवळला. "घोर अन्याय! आम्ही साखर बंद करतो. वसंतोत्सव तेवढा पार पडू दे."

"आणि मग?"

"मग राजकन्येचं लग्न."

"मग बारसं निघेल, महाराज."

"तुझ्या तोंडात साखर पडो!" राजा खूश होऊन म्हणाला.

लवंगेनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "पेला कानाशी धरा." साखर विरघळत होती. दुधातून कुणी म्हणालं, "आई गं, हात भाजला." राजानं पेला टाकला. मुदपाकखाना त्याच दुपारी रिकामा झाला.

देवळात पुजारी म्हणाला, "नैवेद्य देवीचा. बंद करणारा मी कोण?"

"मग देवीलाच कौल लावा."

पुजाऱ्यानं देवीच्या अंगावर फुलं चिकटवली. उजवं पडलं, म्हणजे होकार. "वाऱ्यानं पडलं," तो म्हणाला. पुन्हा लावलं, पुन्हा उजवंच पडलं. "फूल ओलं होतं." तिसऱ्यांदा सगळीच फुलं खाली आली आणि देवीनं पाठ फिरवली. तेव्हा कुठं पुजारी म्हणाला, "होकार दिसतोय."

राहिली माणसांची घरं. लोक भले. सगळ्यांनी विकत घेणं सोडलं आणि सोडल्याचं एकमेकांना अभिमानानं सांगितलं. कर्कोट वस्ताद. त्यानं साखर फुकट पाठवली, अन् ती आहेर म्हणून घरोघर जिरली.

"अगं, आम्ही कुठं विकत घेतली?" शेजारीण म्हणाली. "दारी आलेलं अन्न लाथाडायचं?"

"अन्न नाही हो ते, माणसं आहेत माणसं!" लवंगा ओरडली. घसा बसेपर्यंत दारोदार ओरडली, तेव्हा एकेक बरणी बाहेर आली. अखेर राज्यात कण उरला नाही.

तरी मंत्र तुटेना.

साळुंकी म्हणाली, "एक घर राहिलं. तुझं."

लवंगा घरी धावली. सासू येसूबाई देव्हाऱ्यामागं बसलेल्या, पदराखाली बरणी.

"आत्याबाई, तुम्हीसुद्धा?"

"ही खायची नाही गं. माझा राया आला की त्याच्या हातावर ठेवायची आहे."

"ही आहे तोवर तो यायचा नाही!"

"लेक इतक्या दिवसांनी येणार आणि मी रित्या हातानं उभी राहू?"

लवंगेचा राग कुठच्या कुठं गेला. ती सासूच्या शेजारी बसली. "रित्या हातानंच उभ्या राहा, आत्याबाई. त्याला ओळख तेवढी राहू दे."

येसूबाईंनी पदराखालची बरणी बाहेर काढली. मग उठल्या, किनाऱ्यावर गेल्या आणि बरणी त्यांनी आपल्या हातानं लाटांत उपडी केली.

बेटावरच्या बेड्या साखरेच्याच होत्या. त्या विरघळल्या. पाठोपाठ बेट विरघळलं, आणि कर्कोट त्यात खडा विरघळावा तसा गेला. गलबतं किनाऱ्याला लागली.

रायाजी उतरला. हात भाजलेले, आवाज खरखरीत. येसूबाई ओशाळून म्हणाल्या, "बाळा, तोंड गोड करायला घरात काही नाही रे."

"बरं झालं, आई," रायाजी म्हणाला. "ठेचा आहे का?"

राज्यात पुढं न्याय नांदला, आणि त्या दिवशी रायाजी चार भाकरी जेवला.