दोन बोटं वर

एका वाडीत एक भोळा गडी होता. त्याचं नाव भिकाजी. तो मीच. दुसऱ्या कुणाबद्दल एवढं खरं मला सांगता आलं नसतं.

आमची वरची वाडी डोंगराच्या पोटाशी. रानडुकरं यायची आणि रताळ्यांचे वाफे नांगरून जायची. त्यांना मारायला बंदूक हवी होती. शिवाय जत्रेत खालच्या वाडीशी नेमबाजीची पैज असायची. दोनशे पावलांवर चुना फासलेला भोपळा ठेवायचा आणि तो फोडायचा. जी वाडी हरेल तिने दुसऱ्या वाडीला जेवण घालायचं. आम्ही सात वर्षं जेवण घालत होतो.

म्हणजे कामं दोन, आणि सरकारी परवाना मिळाला एकाच बंदुकीचा. बाकीचे गडी भातकापणीत अडकलेले. म्हणून बंदूक आणायला मला धाडलं.

आमचे म्हातारे शिकारी नाना घाडी म्हणाले, "नीट ऐक. शिकारीला बंदूक हलकी हवी, डोंगर चढायचा असतो. निशाणाला जड आणि लांब हवी, म्हणजे हात हलत नाही. आपल्याला दोन्हीला एकच घ्यायची आहे. तेव्हा मधली घे."

मी तालुक्याला गेलो. दुकानात भिंतीवर पाच बंदुका टांगलेल्या.

"कसली हवी?" दुकानदाराने विचारलं.

"मधली."

"मधली म्हणजे?"

मी डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली. दोन्हीकडून तिसरी तीच आली. घेतली.

नानांनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. नळी आखूड, दस्ता उखळासारखा जड. रानात न्यायला जड आणि लांब मारायला आखूड. दोन्ही कामांना एकच बंदूक हवी होती. ही दोन्ही कामांना सारखीच निकामी होती.

"मेल्या, आधी उचलून बघायची, खांद्याला लावून बघायची, मग पसंत करायची!"

"चुकलं नाना. पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन," मी म्हटलं. आणि ठेवलं.

चार दिवसांनी धाकट्या भावासाठी, रवळूसाठी, मुलगी बघायला गेलो. पोहे झाले. मुलीचे वडील म्हणाले, "मग, पसंत आहे का?"

मी म्हटलं, "थांबा. आधी उचलून बघतो. खांद्याला लावतो, मग सांगतो."

मुलीच्या वडिलांनी कोयता उचलला. मी एका पायात वहाण घालून घरी आलो. दुसरी अजून तिथेच आहे. रवळूही अजून तसाच आहे.

बायको, सुंदरा तिचं नाव, रडकुंडीला आली. "अहो, नव्या ठिकाणी गेलं की आधी हात जोडावे, खाली बसावं, घरच्या मंडळींची खुशाली विचारावी. मग कामाचं बोलावं."

"चुकलं. पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन."

पुढची वेळ रानात आली. ठिकाण मला नवं होतं. नाना एका झाडामागे, मी एका झाडामागे. समोरून करवंदीची जाळी फोडून डुक्कर आलं. सुळे हे एवढे. मी बंदूक बाजूला ठेवली, हात जोडले, मांडी घालून बसलो आणि विचारलं, "घरची मंडळी बरी आहेत ना?"

घरची मंडळी त्याच्या मागेच होती. बायको आणि नऊ पिल्लं. सगळी माझ्या अंगावरून गेली. बरी होती. वजनं चांगली होती.

नानांनी मला जाळीतून ओढून काढलं. "अरे, काही दिसलं की तोंड मिटायचं! हालायचं नाही. मला नुसतं बोटाने दाखवायचं. कळलं?"

"कळलं नाना. पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी नानांच्या खळ्यात गेलो. नाना माझ्याकडे तोंड करून सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या मागे त्यांच्या गवताच्या उडवीतून धूर निघत होता. मला दिसला. मी तोंड मिटलं. हाललो नाही. बोटाने दाखवलं.

नानांना वाटलं, मी आभाळाकडे दाखवतोय. "हो, पाऊस नाही आता," ते म्हणाले.

मी दाखवत राहिलो. हात भरून आला तेव्हा हात बदलला. पाठीला ऊब लागली तेव्हा नाना वळले. निम्मी उडवी गेली होती.

"मेल्या, धूर दिसला की आधी पाणी ओतायचं! विचारायचं नाही, सांगायचं नाही. ओतायचं!"

मी मान हलवली. एवढं सोपं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

जत्रा आली. वाडीने मलाच उभं केलं. कारण ती उखळासारखी बंदूक न थरथरता धरील असा दंड माझाच होता. पहिला नेम खालच्या वाडीच्या बाबलचा. त्याने श्वास रोखला, चाप ओढला. भोपळ्याची नुसती साल उडाली. पण बाबलच्या बंदुकीतून हा एवढा धूर!

मी विचारलं नाही, सांगितलं नाही. शेजारची बादली उचलली आणि ओतली. बाबल, त्याची बंदूक, त्याची ठासायची दारू, त्याच्या मिशा, सगळं भिजलं. मारामारी व्हायची वेळ आली. गावकरांनी, म्हणजे पंचांनी, कसंबसं मिटवलं. बाबलची दारू भिजली, त्याचे उरलेले नेम गेले. आमची वाडी मनातून खूश. आता मी एकदा भोपळा फोडला की झालं!

नाना माझ्या कानाशी आले. सात वर्षांचं जेवण त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. "भिकाजी, बाळा, लांबवर जाताना गोळी खाली पडते. म्हणून भोपळ्यावर नको, भोपळ्याच्या दोन बोटं वर धर. एवढंच कर."

"एवढंच?"

"एवढंच."

मी बंदूक खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. मागून लोक ओरडत होते. मला वाटलं, हुरूप देतायत. दोनशे पावलं चालून भोपळ्याशी पोचलो. त्याच्यावर दोन बोटं आडवी धरली आणि ओरडलो, "नाना, धरली! आता काय करू?"

"बोटं नाही रे! बंदूक! बंदूक धर दोन बोटं वर!"

गावकर हसून हसून खाली बसले होते. म्हणाले, "असू दे नाना. जवळून मारायचं नाही असं पैजेत कुठं ठरलंय? फोडू दे त्याला."

खालच्या वाडीने डोकं धरलं. आमच्या वाडीने ढोल वाजवायला घेतला. पुढे फक्त मातीचा बांध, मध्ये भोपळा, आणि नळी त्याच्यापासून वीतभर अंतरावर. मी बोटं काढली. त्याच जागी, बरोब्बर दोन बोटं वर, बंदूक धरली आणि चाप ओढला.

गोळी बांधात गेली. भोपळा हलला सुद्धा नाही.

दोनशे पावलांवरून भोपळा चुकवणारे पुष्कळ आहेत. वीतभर अंतरावरून चुकवणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटा.